साडेचारशेचा माठ आणि शंभर रुपयांची चावी

२०२४च्या एप्रिलमध्ये मी दुकानासाठी एक माठ घेतला. बारा लिटरचा, लाल मातीचा, बुडाशी स्टीलची तोटी बसवलेला, साडेचारशे रुपयांचा. तेव्हापासून तो रोज वापरला. दोन उन्हाळे आणि एक पावसाळा त्याने पाहिला. आता त्याच्या जागी दुसरा आलाय, तेव्हा पहिला कसा निघाला ते सविस्तर लिहिते. दुकानात येणाऱ्या बऱ्याच जणी विचारतात, त्यांनाही हेच वाचायला देईन.

अकोल्यात जठारपेठेत माझं शिवणाचं दुकान आहे. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, पिको-फॉल. तीन मशीन आणि शिकायला येणाऱ्या तीन मुली. दुकानाचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे दुपारी तीननंतर ऊन थेट कटिंगच्या टेबलावर येतं. सकाळी दहाला शटर वर जातं ते रात्री आठला खाली येतं, लग्नसराईत साडेनऊही होतात. या दुकानात मी अकरा वर्षं दिवसाला दोन-अडीच ग्लास पाण्यावर काढली. घरून आणलेली लिटरची बाटली संध्याकाळी अर्धी भरलेलीच परत जायची. तहान लागत नव्हती असं नाही. पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि जायला जागा नव्हती.

हे बायकांना फोड करून सांगायला नको. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये चौदा गाळे. मागच्या जिन्याखाली एक संडास, त्याला कायम कुलूप, आणि चावी मालकाच्या माणसाकडे. तो माणूस दिवसातून एकदा दिसला तर दिसला. पुरुष दुकानदार मागच्या भिंतीकडे जाऊन यायचे. मी दुपारी जेवायला घरी जायची तेव्हाच काय ते. ज्यांचं घर लांब, त्या रात्रीपर्यंत थांबायच्या. माझ्या हाताखालच्या मुलीही हेच शिकल्या. मी त्यांना काज करायला शिकवलं, कटोरी कापायला शिकवलं आणि एक शब्दही न बोलता पाणी न पिणंही शिकवलं. त्यातली एक तेव्हा सतरा वर्षांची होती. याचं मला अजून वाईट वाटतं.

जून २०२३मध्ये मशीनवर बसलेली असतानाच डाव्या कुशीतून कळ आली. दोन बाळंतपणं झालेली बाई आहे मी, कळ कशाला म्हणतात ते मला माहीत आहे. ही पाठीतून निघून जांघेपर्यंत उतरत होती आणि उठले तरी, बसले तरी, आडवी झाले तरी थांबत नव्हती. सोनोग्राफीत सहा मिलिमीटरचा खडा दिसला, मूत्रनळीत अडकलेला. तीन आठवडे गोळ्या घेऊन वाट पाहिली, तो काही उतरला नाही. मग दुर्बिणीने काढला आणि आत एक बारीक नळी ठेवली. ती नळी पोटात घेऊन मी पंधरा दिवस पायडल मारलं. खडा तपासायला दिला तेव्हा तो कॅल्शियम ऑक्झलेट नावाच्या क्षाराचा निघाला.

डॉक्टरांनी विचारलं, "ताई, पाणी किती पिता?" मी म्हटलं, "पिते की भरपूर." मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, "दुकानात असताना लघवीला किती वेळा जाता?" त्याचं उत्तर मला पटकन देता आलं नाही. त्यांनी चिठ्ठीवर मोठ्या आकड्यांत २.५ लिटर असं लिहिलं आणि समजावून सांगितलं की हा आकडा प्यायच्या पाण्याचा नाही. दिवसाला अडीच लिटर लघवी बाहेर पडली पाहिजे. त्यासाठी किती प्यायचं ते ऊन, घाम आणि काम यांवर ठरतं. अकोल्याच्या मे महिन्यात तीन लिटर प्यायले तरी त्यातला मोठा वाटा घामातच जाईल. लघवी घट्ट झाली की तिच्यातले क्षार विरघळून राहत नाहीत, त्यांचे कण बसतात आणि कणाला कण चिकटत जातो. पाक आटला की कढईच्या कडेला साखर बसते, तसंच ते. घरी एक दिवस-रात्र मापाच्या भांड्यात मोजायला लावलं, तेव्हा माझी भरली ९०० मिलिलिटर.

माझं माहेर दर्यापूर तालुक्यातलं, म्हणजे खारपाणपट्ट्यातलं. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत हा पट्टा पसरलाय. जमीन काळी, कापसाची, पण खालचं पाणी खारट. आमच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजायची नाही, अंगाला साबण लागायचा नाही. पिण्याचं पाणी लांबून आणावं लागायचं आणि त्याला सगळे 'गोडं पाणी' म्हणायचे. पाहुणा आला की आधी विचारायचा, "गोडं आहे का?" माझ्या वडिलांनाही मुतखडा झाला होता. त्या गावात मी एक गोष्ट लहानपणीच पाहिली होती: खारं पाणी समोर असलं तर माणूस घोटभर पितो, गोडं असलं तर तांब्याभर. पाणी किती पोटात जातं ते चवीवर ठरतं. माठाची चौकशी मी सुरू केली ती याच आठवणीवरून.

पण माठाच्या आधी चावी.

ऑपरेशननंतर मी आजूबाजूच्या चार जणींना गोळा केलं. ब्युटी पार्लरवाली, मसाल्याचं दुकान चालवणाऱ्या काकू, झेरॉक्सच्या काउंटरवरची मुलगी आणि वरच्या दवाखान्यात नंबर लावणारी. पाचही जणी मालकांकडे गेलो. पहिल्यांदा ते म्हणाले बघू. दुसऱ्यांदा म्हणाले की उघडा ठेवला तर बाहेरचे लोक घाण करतात. तिसऱ्यांदा मी ऑपरेशनचं बिल सोबत नेलं आणि त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते वाचलं, काही बोलले नाहीत, ड्रॉवरमधून चावी काढून दिली. आम्ही तिच्या पाच चाव्या करून घेतल्या. प्रत्येकी महिना शंभर रुपये काढतो, त्यात सफाईला येणारी बाई, फिनाइल आणि बल्ब भागतो. आतली कडी नवी लावली, झाकणाची कचरापेटी ठेवली. हे जानेवारी २०२४मध्ये झालं. म्हणून या माठाचा खरा खर्च विचाराल तर साडेचारशे अधिक दर महिन्याचे शंभर. जिच्याकडे जायची सोय नाही त्या बाईला "पाणी पीत जा" असं सांगू नका. आधी तिच्यासाठी कुलूप उघडा.

माठाआधी तीन गोष्टी वापरून झाल्या होत्या. एक, थंड पाण्याचा वीस लिटरचा जार. तो अकराला यायचा तेव्हा दातांना झिणझिण्या आणणारा गार, आणि चार वाजता कोमट. शिवाय ते पाणी नेमकं कुठलं हे देणाऱ्यालाही धड सांगता येईना. दोन, स्टीलची थर्मासची बाटली. ती उत्तम आहे, अजून वापरते, पण एका माणसापुरती. मी तिच्यातून पीत बसले तर समोरच्या तीन मुली काय पिणार? तीन, एका प्रदर्शनातून घेतलेलं मडकं. दिसायला फार सुंदर, वारली चित्रं काढलेली, वरून चकचकीत व्हार्निश. त्यातलं पाणी कधी गार झालंच नाही. का, ते मला नंतर कळलं.

माठ विकणारी बाई उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला कडुनिंबाखाली बसते. माती, भट्टी सगळं तिच्या घरचंच. तिला मी ते चित्रांचं मडकं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "रंग देल्ला ना त्याले? मंग त्याचं तोंडच बुजलं. घाम कोठून येईन?" माठाच्या मातीत ते राख आणि घोड्याची लीद मळतात. भट्टीत लीद जळून जाते आणि तिच्या जागी बारीक बारीक छिद्रं राहतात. पाणी त्या छिद्रांतून बाहेर झिरपतं, कोरड्या हवेत उडून जातं आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाणी असं उडायला जितकी उष्णता लागते, तितक्यात साडेपाच लिटर बर्फगार पाण्याला उकळी फुटेल. आपला घामही शरीर असंच गार ठेवतो. माठात पाणी नसलं की माठ तापतो. मे महिन्यात दिवसभर न पिता मशीनवर बसलेल्या बाईचंही तेच होतं, हे मला माठवालीच्या एका वाक्यात जितकं समजलं तितकं दवाखान्यात समजलं नव्हतं.

तिने मला निवडायला शिकवलं. "वाजून पाह्य माय. खणखण वाजलं तं घे, भदभद वाजलं तं ठिव." बोटाच्या पेराने टकटक करायचं. आवाज दबका आला तर कुठेतरी बारीक चीर आहे किंवा माठ कच्चा भाजलाय. तोटीचा माठ असेल तर तोटीभोवती काय भरलंय ते बघा. कुठे नुसतं सिमेंट असतं, कुठे रबराचा वायसर असतो. वायसरवाला घ्या, बदलता येतो. आणि बाहेरून हात फिरवा. हाताला खरखरीत लागला पाहिजे.

नवा माठ आणला की लगेच त्यातलं पाणी पिऊ नका. "नवं मडकं लेकरावानी असते, पहिले स्वताच पिते," असं ती म्हणाली आणि तसंच झालं. रात्री भरलेला माठ सकाळी चार बोटं खाली होता आणि खालची फरशी ओली. एक दिवस-रात्र भिजवला, ते पाणी झाडांना घातलं, पुन्हा भरला, पुन्हा ओतला. तिसऱ्या दिवसापासून प्यायला सुरुवात केली. पहिला आठवडाभर पाण्याला मातीचा वास होता, पहिल्या पावसाचा असतो तसा. मुलींना तो इतका आवडला की गेला तेव्हा त्यांना चुकल्यासारखं झालं. मग मी पातळ कापडाच्या पुरचुंडीत वाळा बांधून आत सोडला. वाळ्याची पुरचुंडी दर दोन-तीन दिवसांनी बाहेर काढून वाळवावी लागते, नाहीतर कुजका वास येतो.

आता आकडे. कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्यांकडून दुधाचा थर्मामीटर मागून आणला आणि मोजलं. मे २०२४च्या अखेरीस अकोल्यात पारा ४५च्या वर गेला होता. उन्हामुळे जिल्हाधिकाऱ्यांनी कलम १४४ लावलं होतं, तेच ते दिवस. दुपारी साडेतीनला दुकानातली हवा ४१, प्लास्टिकच्या कॅनमधलं पाणी ३७, माठातलं पाणी २५. लाईट नाही, बर्फ नाही, बारा अंशांचा फरक. त्या दिवसांत माठातलं जवळजवळ दीड लिटर पाणी रोज नुसतं झिरपून जायचं, तेवढं जास्त भरावं लागायचं. बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळलं तर आणखी एखादा अंश उतरायचा. माठ सावलीत आणि वाऱ्याच्या तोंडाशी हवा. मी तो दारामागून काढून खिडकीपाशी ठेवला, तेव्हाच फरक कळला.

आणि जुलैत? हवा २९, माठ साडेसत्तावीस. हवेतच ओल असेल तर पाणी उडणार कुठे? पावसाळ्यात माठाकडून गारव्याची आशा ठेवू नका. माझी एक मावसबहीण रत्नागिरीला दिली आहे, ती म्हणते आमच्याकडे माठ नावालाच गार होतो. तिचं खरं असणार. हे भांडं आमच्या कोरड्या उन्हाळ्यासाठीच आहे.

२५ अंशांचं पाणी घशाला लागत नाही, एका दमात ग्लासभर पिता येतं. जारच्या बर्फगार पाण्याचा आम्ही घोट घ्यायचो आणि ग्लास बाजूला ठेवायचो. माठाचं पाणी संपेपर्यंत प्यायलं जातं. शिवाय माठ सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. एक उठली की दुसरीला आठवतं. मी कटिंगच्या टेबलाच्या कडेला मापाच्या खडूने रेघा ओढायला लागले, एका ग्लासाला एक रेघ, ग्लास अडीचशे मिलिलिटरचा. पहिल्या आठवड्यात तीन रेघा व्हायच्या, जूनपर्यंत आठ. घरी सकाळ-संध्याकाळचं मिळून दीड लिटर वेगळं. मुलींनीही आपापल्या रेघा सुरू केल्या. संध्याकाळी फडकं मारून टेबल पुसायचं, सकाळी पुन्हा कोरं. जून २०२४मध्ये परत दिवसभराची लघवी मोजली ती २३०० मिलिलिटर भरली. डॉक्टरांनी चिठ्ठीवरच्या आकड्याखाली पेनाने रेघ ओढली आणि म्हणाले, अजून २००.

माझी मुलगी नर्सिंगला आहे. तिने मला दोन अभ्यास वाचून दाखवले, ते इथे सांगते, कारण माझ्या एकटीच्या अनुभवावरून कोणी काही ठरवू नये. पहिला इटलीतला, १९९६ साली छापलेला. पहिल्यांदाच खडा झालेले १९९ लोक घेतले. त्यातल्या ९९ जणांना भरपूर पाणी प्यायला लावलं, शंभर जणांना काहीच सांगितलं नाही. पाच वर्षांत पहिल्या गटातल्या १२ जणांना खडा परत झाला, दुसऱ्यातल्या २७ जणांना. फक्त पाणी, औषध नाही. म्हणजे पाणी प्यायलं की खडा होतच नाही असं नाही, १२ जणांना झालाच. पण निम्म्याहून कमी झाला. दुसरा अभ्यास बायकांवरचा, २०१८चा. वारंवार लघवीचा जंतुसंसर्ग होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पिणाऱ्या १४० बायका. निम्म्या जणींना रोज दीड लिटर पाणी जास्त दिलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. हा अभ्यास ऐकताना मी मशीन थांबवलं. जळजळ, थेंब थेंब होणं, त्या गोळ्यांचा कोर्स, मला दर वर्षी तीन-चारदा व्हायचं आणि मी ते बाईच्या जन्माला लागलेलंच आहे असं धरून चालले होते. गेल्या वर्षात एकदाच झालं.

आणखी एक फरक म्हणजे पाच वाजताची डोकेदुखी. आठवड्यातून तीन दिवस तरी गोळी घ्यायचे, आता महिन्यातून एखादी. सकाळी पोट साफ होतं, तेही पूर्वी होत नव्हतं. त्वचेत काही फरक नाही. चेहरा उजळतो, शरीरातलं विष निघून जातं असं सगळीकडे लिहिलेलं असतं, मला तसं काही दिसलं नाही. रक्त गाळायचं काम मूत्रपिंडं रोज करतातच, त्यांना फक्त पुरेसं पाणी हवं असतं. माठाच्या पाण्याने पित्त जातं असंही सांगतात. माझं पित्त उपासाच्या साबुदाण्याने होतं ते अजूनही होतं. आणि खड्यासाठी नुसतं पाणी पुरत नाही. डॉक्टरांनी मीठ कमी करायला, लिंबू घ्यायला सांगितलं, आणि दूध बंद करू नका असं निक्षून सांगितलं. आमच्याकडे मुतखडा म्हटलं की आधी दूध तोडतात, ते चूक आहे.

आठ ग्लासचा नियम सगळ्यांना लावू नका, हे मात्र कळकळीने सांगते. जेवणातून, ताकातून, वरणातून, कलिंगडातून, चहातूनसुद्धा पाणी पोटात जातंच. माझ्या सासूबाईंचं हृदय कमजोर आहे, त्यांना डॉक्टरांनी दिवसाला सव्वा लिटरचीच मुभा दिली आहे. घरी माठ आणला तर त्या नकळत जास्त पितील, म्हणून त्यांच्यासाठी मापाची छोटी सुरई आणली. सकाळी मी भरते, तेवढीच त्यांची. पाय सुजलेले असतील, मूत्रपिंडाचा आजार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि निरोगी माणसानेही एकदम ढोसू नये. दुकानातल्या एका मुलीने संध्याकाळी राहिलेल्या रेघा भरून काढायला लागोपाठ पाच-सहा ग्लास प्यायले आणि तिला मळमळायला लागलं. मूत्रपिंडं तासाला साधारण लिटरभराच्या आतच पाणी बाहेर टाकू शकतात, त्याहून जास्त गेलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं. त्या दिवसापासून नियम केला: राहिलेल्या रेघा दुसऱ्या दिवशीवर ढकलायच्या नाहीत आणि रात्री भरूनही काढायच्या नाहीत, सोडून द्यायच्या. तहान आणि लघवीचा रंग बघायचा. फिकट पिवळा असेल तर बरोबर चाललंय. व्हिटॅमिनची गोळी चालू असेल तर रंगावर जाऊ नका, ती गडद पिवळाच करते.

आता या माठातल्या उणिवा. तोटी सहाव्या महिन्यात गळायला लागली. वायसर दहा रुपयांचा, पण बदलायला माठ रिकामा करून आडवा करावा लागतो, दोघी लागतात. माठ जड आहे, भरलेला हलवायचा नाही. घडवंची मजबूत हवी. लोखंडी तिवई आणली होती, ती गंजून फरशीवर डाग पडले, म्हणून सुताराकडून सागाच्या तुकड्यांची घडवंची करून घेतली, सहाशे रुपये. ती माठापेक्षा महाग पडली, पण ती टिकेल. दर चौथ्या दिवशी नारळाच्या शेंडीने आणि मिठाने आतून घासायचा. साबण अजिबात लावायचा नाही, छिद्रांत जातो आणि पुढे आठवडाभर पाण्यात उतरतो. आठवड्यातून एक दिवस पूर्ण ओतून उन्हात कोरडा करायचा. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अळीचा डास होतो. म्हणून झाकण घट्ट हवं. मातीचा परळ नीट बसत नव्हता, त्याच्याखाली मलमलचा तुकडा बांधला. मलमल काय, आमच्या दुकानात हवी तेवढी.

सर्वांत महत्त्वाचं, माठ पाणी शुद्ध करत नाही. घाण पाणी भराल तर गार घाण पाणी मिळेल. मी घरचं फिल्टरचं पाणी दहा लिटरच्या दोन कॅनमध्ये स्कूटरवर पायांपाशी ठेवून आणते. ते रोजचं ओझं आहे, पावसात तर फारच. कुणाकडे फिल्टर नसेल तर उकळून, निववून भरा. आणि आत ग्लास बुडवू नका. तोटी नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं ठेवा.

२०२५च्या फेब्रुवारीत माठाची घामेजलेली लाल पाठ पांढुरकी दिसायला लागली. पाण्यातले क्षार बाहेर येऊन छिद्रांच्या तोंडाशी बसले होते. मार्चमध्ये पुन्हा थर्मामीटर आणला. गेल्या वर्षी जिथे दहा-बारा अंशांचा फरक पडायचा तिथे सहाच राहिला होता. घासून थोडा सुधारला, पुन्हा तसाच झाला. साडेचारशे रुपयांना एक वर्ष, म्हणजे दिवसाला सव्वा रुपया, आणि त्यात चार बायका पाणी प्यायल्या. गिऱ्हाइकं वेगळी. माप द्यायला आलेली बाई आधी माठाकडे जाते. मी बिनधास्त प्यायला सांगते आणि चावी कुठे टांगली आहे तेही सांगते.

जानेवारी २०२५च्या सोनोग्राफीत दोन्ही बाजू स्वच्छ आल्या. एका वर्षावरून मी निष्कर्ष काढणार नाही, पुढच्या जानेवारीत परत करायची आहे.

२०२५ची अक्षय्य तृतीया ३० एप्रिलला होती. आमच्याकडे आखाजीला करा आणि केळी या मातीच्या भांड्यांत पाणी भरून पितरांच्या नावाने पूजतात, त्यामुळे आदल्या दिवशी कडुनिंबाखाली गर्दी होती. मी वडिलांसाठी करा-केळी घेतली आणि दुकानासाठी दुसरा माठ, या वेळी पंधरा लिटरचा, पाचशे वीसचा. शिकायला येणारी एक नवी मुलगी सोबत होती. मी पिशवीतून पैसे काढेपर्यंत ती तीन माठ वाजवून बघत होती, आणि चौथ्यावर थांबून म्हणाली, "मॅडम, हा."